दातांच्या डॉक्टरकीची फी कोण ठरवतं?

दातांच्या डॉक्टरकीची फी लाखांत ऐकली, की आपण म्हणतो, हे आपल्या लेकीचं काम नव्हे. पण ही फी काही आभाळातून पडलेली नाही. तिलाही इतिहास आहे.

देशातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. आर. अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात काढलं, तेही पदरच्या पैशानं. १९४९ साली त्यांनी ते सरकारला देऊन टाकलं. मुंबईत १९३३ साली नायर दंत महाविद्यालय निघालं, पुढे ते महापालिकेचं झालं. अशा ठिकाणी बराच खर्च सरकार किंवा पालिका उचलते, म्हणून फी कमी. पण जागा मोजक्याच.

१९८३पासून राज्यात विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजं वाढू लागली. जागा वाढल्या, पण खर्च पालकांच्या डोक्यावर आला. वर देणगीही मागू लागले, म्हणून १९८७ साली तिच्यावर बंदीचा कायदा झाला. २०१५च्या कायद्यानं खासगी कॉलेजांची फी ठरवायला प्राधिकरण आलं. जुलै २०२४मध्ये ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट अशी, की वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यात ही माफी नाही.

खोली, मेस, पुस्तकं, हत्यारं यांचा पाच वर्षांचा खर्च मात्र उरतोच. तो गटात बसून आधी मांडूया. आणि कुणी देणगी मागितली, तर जमीन गहाण टाकायची नाही. ती मागणं हाच गुन्हा आहे.