बैठकीची खोली : गिरणगावाच्या मनाचा एक इतिहास

(धागा. जरा लांब आहे, सवडीने वाचावा.)

गिरणगावाचा इतिहास आपण बहुधा सनावळ्यांत आणि आकड्यांत वाचतो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी स्थापन केलेली पहिली कापड गिरणी. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मिळालेली रविवारची सुटी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप आणि त्यात उतरलेले सुमारे अडीच लाख कामगार. या सगळ्यात एक साधा प्रश्न मागे राहतो. रत्नागिरी किंवा साताऱ्याच्या खेड्यातून, बायकामुलांना गावी ठेवून आलेला विशीतला पुरुष या शहरात मनाने तगला कसा?

या प्रश्नाचे उत्तर दप्तरात सहजी सापडत नाही. १९२१ मध्ये मुंबई सरकारचे कामगार कार्यालय सुरू झाले. त्याने कामगाराच्या घरखर्चाची पाहणी केली. धान्य, भाडे, कर्ज यांचा हिशेब मांडला. एकटेपणासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता. म्हणून मनाचा इतिहास लिहायचा तर वाट वाकडी करावी लागते. माणसांनी स्वतःला सावरण्यासाठी काय काय उभारले, ते पाहावे लागते.

त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाळीतली ‘बैठकीची खोली’. एका गावच्या किंवा एका वाडीच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली एकच खोली. भिंतीला लावलेल्या पत्र्याच्या ट्रंका, वर कपड्यांच्या दोऱ्या. पहिल्या पाळीचे लोक कामावर असताना रात्रपाळीचे तिथे झोपत. गावाहून नवा मुलगा आला की त्याचा पत्ता ठरलेलाच असे. त्याला बदली कामगार म्हणून लावून देण्यासाठी जॉबरच्या कानावर घालणारा माणूसही त्याच खोलीत भेटे. मासिक वर्गणीतून आजारपण, अंत्यविधी, गावच्या देवळाची डागडुजी हे सारे निभावले जाई. कुणाचे पत्र आले तर लिहिता-वाचता येणारा ते मोठ्याने वाचून दाखवी.

हे ‘गावाकडचे संस्कार’ आपोआप शहरात आले, असे अनेकदा म्हटले जाते. मला ते पटत नाही. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गावरील संशोधनात दाखवले आहे की गावाशी राखलेले नाते हे मागासलेपणाचे चिन्ह नव्हते. नोकरीची शाश्वती नसलेल्या शहरात जगण्याची ती विचारपूर्वक पत्करलेली रीत होती. गावात भावकीत बोलाचाली नसलेली माणसेही या खोलीत शेजारी शेजारी अंथरूण टाकत. ही गावकी मुंबईतच घडली होती आणि तिच्यामागे वर्गणीचा रोख पैसा होता.

खोलीला जोडून खानावळ. ती चालवणाऱ्या बहुतेक बायका कामगारांच्याच घरातल्या. कुणाचा नवरा आजारी, कुणाचा गेलेला. जेवण महिन्याच्या उधारीवर. एकाच हातचे जेवण वर्षानुवर्षे जेवणारा माणूस त्या बाईला मावशी किंवा वहिनी म्हणू लागे. मात्र या नात्याची किंमत कोण मोजत होते, हेही पाहिले पाहिजे. संप झाला की पगार थांबे, तरी पोळीभाजी थांबवता येत नसे आणि खानावळवालीच सावकाराच्या कर्जात बुडे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेले, त्यामागे हाच अनुभव होता. पुरुषांच्या मनाला मिळालेला आधार बऱ्याच अंशी बायकांच्या कर्जावर उभा होता.

उरलेली पोकळी भजनी मंडळे, जाखडीचे नाच, व्यायामशाळा, दामोदर हॉलमधली कामगारांची नाटके आणि शाहिरांचे फड भरून काढत. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ काढले, तेव्हा त्यांना श्रोते नव्याने गोळा करावे लागले नाहीत. रात्र जागवायची सवय असलेली वस्ती आधीच तिथे होती.

ही वस्ती माणसाला नावसुद्धा देऊ शकत होती. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला एक सोडून दिलेले तान्हे मूल सापडले. त्याने ते घरी आणले, आपले नाव दिले. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. कथा बहुतेक जण इथेच थांबवतात. पुढे गंगाराम निवृत्त होऊन कोकणात परतला आणि कोवळ्या वयाचा नारायण मुंबईत पुन्हा एकटा पडला. गिरणगावाचा आधार खरा होता. पण तो गिरणीच्या पगाराला बांधलेला होता, हे त्या एका घरातही दिसते.

आता अवघड भाग. हा आधार सर्वांसाठी नव्हता. विणाई खात्यात, म्हणजे गिरणीच्या भाषेत साचेखात्यात, पगार बरा मिळे. तिथे धोट्यात नवी कांडी बसवली की सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण कामगार तिथे अस्पृश्य कामगारांना येऊ देत नसत. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. ज्या ‘आपलेपणा’ने एका कामगाराचे मन सावरले, त्याच आपलेपणाने दुसऱ्याला साच्याजवळ उभे राहू दिले नाही. गिरणगावाच्या आठवणींचे गोड लेख वाचताना हा धोटा मी डोळ्यांसमोर ठेवतो.

आतल्या माणसालाही खोली नेहमी मोकळी नव्हती. कोण दारू पितो, कोण पैसे पाठवत नाही, याची बातमी शिमग्याला किंवा गणपतीला गावी पोहोचे. आधार आणि पाळत ही दोन्ही कामे एकच माणसे करत.

मग १९८२. संप म्हणजे बेकारी नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. पहिल्या काही महिन्यांत सभा होत्या, मोर्चे होते, दत्ता सामंतांवर विश्वास होता. अनेक जण गावी गेले. गावांनी धान्य पाठवले. ज्या खोलीने शंभर वर्षे मुंबईची मनीऑर्डर गावी नेली, तिच्याच वाटेने आता गावाचे तांदूळ मुंबईत आले. मन टिकून होते, कारण दिवसाला काम होते.

काम गेल्यावर काय होते, याचे एक जुने निरीक्षण येथे उपयोगी पडते. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावातली कापड गिरणी जागतिक मंदीत बंद पडली आणि जवळपास सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. वेळ हवा तेवढा होता, वाचनालयाची वर्गणीही रद्द झाली होती, तरी लोक पुस्तके कमी नेऊ लागले. रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली, तेव्हा पुरुष बायकांपेक्षा हळू चालताना आणि वारंवार थांबताना आढळले. बायकांना घरकाम उरले होते. पुरुषांना कुठे पोहोचायचेच नव्हते. गिरणीने पगाराबरोबर दिवसाचा आकार, घराबाहेरची माणसे आणि समाजातले एक स्थानही दिले होते, असे याहोडाने पुढे मांडले.

गिरणगावात हा आकार भोंगा देत असे. संपानंतर अनेक गिरण्या सुरू झाल्याच नाहीत. ज्या सुरू झाल्या त्यांनी थोड्यांनाच परत घेतले. कुणी वॉचमन झाला, कुणी फेरीवाला, कुणी कायमचा गावी. घर अनेकदा बायकांच्या कमाईवर चालू लागले, आणि काही घरांतली मुले टोळ्यांकडे वळली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात या घराचा आतला आवाज ऐकू येतो. आणखी एक गोष्ट मला फार बोचते. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. हरलो, असे म्हणून रडायला, सुतक पाळून उठायला तारीखच मिळाली नाही.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या मुलाखतींतून लिहिलेला मौखिक इतिहास, ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’, मिळवून वाचावा. दप्तराच्या तक्त्यात जो रकाना नव्हता, तो तिथे माणसे स्वतः बोलून भरतात.

बैठकीच्या खोल्या लालबाग-परळमध्ये आजही काही ठिकाणी आहेत. चाळ पाडून टॉवर उभा राहायचा असला की जुनी भाडेपावती काढली जाते. पावतीवर नाव एकाचे असते, बहुधा केव्हाच वारलेल्या माणसाचे. आणि वर्गणी साऱ्या वाडीने भरलेली असते.