जुनं खोगीर, लगाम ऑनलाइन घेताना-विकताना : आधी माप, मग माल, शेवटी पैसे

वडूज, प्रतिनिधी : पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरात पर्यटकांना फिरवणारे घोडे, लग्नसराईतले वरातीचे घोडे, सांगलीकडच्या घोडागाड्या आणि माण-खटावच्या मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबर चालणारी तट्टं. आपल्या दोन जिल्ह्यांत घोडा अजून कामाचं जनावर आहे. त्याचं सामान मात्र तालुक्याच्या बाजारात मिळत नाही. पूर्वी अकलूजच्या नाहीतर सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची वाट बघायची. आता मोबाईलवर ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वर्षभर जुनी खोगिरं, लगाम विकायला असतात.

सोय झाली खरी, पण फसवणुकीची वाटही उघडली. गेल्या वर्षी माझं एक जुनं खोगीर मी विकायला टाकलं. अर्ध्या तासात फोन आला. गडी म्हणाला, 'मी फौजी आहे, पुण्यात पोस्टिंग आहे, खोगीर बघायची गरज नाही, पैसे आत्ता पाठवतो.' त्यानं क्यूआर कोड पाठवला आणि स्कॅन करून पिन टाका म्हणाला. मी टाकला. पैसे आले नाहीत, खात्यातले साडेतीन हजार गेले. खोगीर अजून गोठ्यात टांगलेलं आहे. हीच चूक आणखी कुणाची होऊ नये म्हणून ही सगळी माहिती एका जागी देत आहे.

नावं माहीत असू द्या

जाहिरातीत बहुतेक इंग्रजी नावं असतात. खोगीर किंवा जीन म्हणजे सॅडल. पोटाखालून आवळायचा तंग म्हणजे गर्थ. पाय ठेवायची रिकीब म्हणजे स्टिरप. शेपटीखालून जाणारी दुमची म्हणजे क्रपर. लगामाचा तोंडावरचा पट्ट्यांचा भाग म्हणजे ब्रायडल, हातात धरायचे पट्टे म्हणजे रेन्स आणि तोंडातली लोखंडी दांडी म्हणजे बिट. शोधताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं टाकून बघा, जास्त माल दिसतो. 'पूर्ण सेट' असं लिहिलेलं असेल तर त्यात यातलं काय काय आहे ते एकेक करून विचारा. तंग आणि रिकिबी नसलेला 'सेट' बऱ्याचदा गळ्यात पडतो.

माप आधी, भाव नंतर

खोगीर दोघांना बसावं लागतं, वर बसणाऱ्याला आणि घोड्याला. बसणाऱ्याचं माप इंचात असतं. खोगिराच्या पुढच्या कमानीच्या बाजूला एक छोटा खिळा असतो, तिथून मागच्या उंच काठाच्या मध्यापर्यंत टेप लावायचा. मोठ्या माणसांची खोगिरं साधारण १६ ते १८ इंचांची येतात.

घोड्याचं माप मात्र कुणी विचारत नाही, आणि नुकसान तिथंच होतं. आपल्याकडची भीमथडी तट्टं अंगानं लहान असतात. या जातीची आता देशाच्या पातळीवर स्वतंत्र घोडाजात म्हणून नोंद झालेली आहे. मोठ्या मारवाडी घोड्याच्या किंवा क्लबातल्या घोड्याच्या मापाचं खोगीर या तट्टांना बसेलच असं नाही.

माप घ्यायची सोपी पद्धत अशी. लाइट फिटिंगची जाड, वाकवली की तशीच राहणारी वायर घ्या. घोडा सपाट जागेवर सरळ उभा करा. खांद्याच्या हाडाच्या जरा मागं, पाठीवरून आडवी वायर दाबून बसवा. आकार मोडू न देता ती पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं रेघ मारा आणि पुठ्ठा कापा. पुठ्ठ्याशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि विकणाऱ्याला पाठवा. त्याला सांगा की खोगिराच्या पुढच्या भागाचं आतलं माप असंच पट्टी लावून पाठव. मुलाच्या हट्टापायी मी एकदा माप न घेता अरुंद खोगीर आणलं होतं. घोडीच्या मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर जखम झाली आणि दीड महिना ती बसून होती. स्वस्तात मिळालेलं खोगीर डॉक्टरांच्या बिलात महागात गेलं.

माणूस वर बसल्यावर तो उंचवटा आणि खोगिराची कमान यात दोन-तीन बोटं सरळ जायला हवीत. ही नुसती हौशी लोकांची शिस्त नाही. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. कमान उंचवट्यावर टेकेल असं खोगीर घालू नये, हे त्यात स्पष्ट सांगितलेलं आहे. काटे, गाठी किंवा टोकं असलेल्या बिटला आणि साजाला त्याच नियमांत बंदी आहे. त्यामुळं 'कडक घोड्यासाठी काटेरी लगाम' अशी जाहिरात दिसली तर घेऊ नका आणि विकूही नका.

माल हातात आल्यावर काय बघायचं

खोगिरात आत लाकडाचा किंवा फायबरचा सांगाडा असतो. तो मोडलेला असला तर खोगीर फुकट दिलं तरी महाग. पुढची कमान पोटाला टेकवा आणि मागचा काठ दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढा. थोडं लवचिक वाटलं तर चालतं. पण करकर आवाज आला, बसायच्या जागेवर मध्येच आडवी घडी पडली किंवा एकच बाजू वाकली, तर सांगाडा गेलेला आहे. मग कमानीच्या दोन्ही बाजू हातानं उघडून बघा, तिथंही आवाज किंवा हालचाल नको.

त्यानंतर शिवण. तंग अडकवायचे पट्टे खोगिराच्या पाखाखाली असतात, ते नेमके फोटोत दिसत नाहीत. घोडा धावत असताना हा पट्टा तुटला तर माणूस खाली येतो, म्हणून इथला फोटो मागून घ्याच. छिद्रं लांबट झालेली नकोत, धागा कुजलेला नको. रिकिबीचे दोन्ही पट्टे एकत्र धरून लांबी बघा. एका बाजूनं जास्त चढणं होत असल्यानं डावा पट्टा ताणून लांब झालेला असतो.

खोगीर उलटं करून खालच्या गाद्या चाचपा. भरती दोन्ही बाजूंना सारखी, गाठी नसलेली हवी. बोलताना आपण निरुपयोगी भराभरीला 'खोगीरभरती' म्हणतो, पण घोड्याच्या पाठीसाठी तीच भरती सगळ्यांत महत्त्वाची आहे.

कातडं वाकवून बघा. बारीक रेघा तेलानं जातात, खोल चिरा जात नाहीत. महाबळेश्वर भागातून माल येणार असेल तर बुरशीचं विचारा. तिथं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बंद खोलीतलं कातडं पावसाळ्यात पांढरं पडतं. वरची बुरशी पुसता येते, पण कातडं मऊ पडून तुटायला लागलं असेल तर ते खोगीर सोडून द्या.

बिट घेताना जोडाजवळची झीज, गंज आणि निघालेला मुलामा बोट फिरवून बघा. बोटाला लागलं तर घोड्याच्या तोंडालाही लागणार.

रोग सामानाबरोबर येतो

नायटा तंगातून, खराऱ्यातून आणि पाठीवरच्या कापडातून एका घोड्याचा दुसऱ्याला लागतो. ग्लँडर्स हा त्याहून घातक रोग. तो दूषित सामान आणि पाण्याच्या भांड्यांतूनही पसरतो, माणसालाही होतो आणि झालेला घोडा कायद्यानं मारावा लागतो. म्हणून जुना तोबरा, खरारा, ब्रश आणि झूल विकत घेऊच नये, त्या वस्तू नव्याच घ्याव्यात. बाकी सामान घोड्यावर घालण्याआधी साफ करा. कातडं ओल्या फडक्यानं आणि खोगिराच्या किंवा ग्लिसरीनच्या साबणानं पुसून सावलीत वाळवा, मग हलकं तेल द्या. बिट आणि रिकीब उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. कापडी वस्तू गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. विकणाऱ्याच्या पागेत घोडा आजारी आहे असं कळलं तर त्या मालाचा नाद सोडा.

पैशाचा व्यवहार

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. अनोळखी माणसानं 'पैसे मागायची' विनंती पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण क्यूआर आणि खोट्या लिंकचा खेळ चालूच आहे.

फौजीचं नाव घेऊन फसवणूक देशभर होते. आपल्याकडं ती जास्त लागू पडते, कारण सातारा जिल्ह्यात घरटी फौजी आहेत, अपशिंग्यासारखं अख्खं गाव मिलिटरीचं म्हणून ओळखलं जातं. वर्दीचं नाव निघालं की आपण संशय घेत नाही. ओळखपत्राचा, कँटीन कार्डाचा फोटो हा पुरावा धरू नका. खरा जवान जुन्या खोगिरासाठी आपलं ओळखपत्र अनोळखी माणसाला पाठवत बसणार नाही.

घेणाऱ्यानं ही काळजी घ्यावी :

- नव्या मालाचा भाव आधी विचारावा. घोड्याच्या सामानाचं मोठं केंद्र कानपूर आहे, तिथल्या दुकानांचे भाव फोनवर कळतात. परदेशी कंपनीचं खोगीर त्याहून स्वस्त मिळत असेल तर थांबावं.
- कागदावर आपलं नाव आणि आजची तारीख लिहून, तो कागद खोगिरावर ठेवून फोटो मागावा. फोटो दुसरीकडून उचललेला असेल तर माणूस टाळाटाळ करतो. व्हिडिओ कॉल त्याहून चांगला.
- 'बुकिंग', 'गेटपास', 'पार्सलचा खर्च' असल्या नावाखाली आगाऊ पैसे देऊ नयेत.
- जमेल तिथं समोरासमोर, दिवसा, गर्दीच्या जागी भेटावं. सातारा किंवा सांगलीचं एसटी स्टँड बरं. एकटं जाऊ नये.

विकणाऱ्यानं माल हातातून सोडण्याआधी पैसे खरंच जमा झाले का ते बँकेच्या ॲपमध्ये बघावं. समोरच्यानं दाखवलेला स्क्रीनशॉट किंवा आलेला एसएमएस खोटा असू शकतो. 'चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा' असं कुणी म्हटलं तर आधी शिल्लक तपासावी. मालातला दोष लपवू नये. तुटलेला पट्टा तसाच दिला आणि कुणी पडलं तर ते पाप आपल्या माथी.

दोघांनी मिळून साध्या कागदावर पावती करावी. तीत वस्तूचं वर्णन, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि मोबाईल नंबर असावेत. उद्या माल चोरीचा निघाला तर हीच पावती कामाला येते. आधार कार्डाचे फोटो मात्र एकमेकांना पाठवू नयेत.

वाड्यातलं जुनं सामान

काही घरांत पणजोबांच्या काळातली जीन, चांदीच्या कामाच्या रिकिबी निघतात. १०० वर्षांवरच्या अशा वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. घाईनं मोबाईलवर टाकण्याआधी जाणकाराला किंवा संग्रहालयाला दाखवा.

फसलातच तर

लाजून गप्प बसू नका. पहिल्या तासाला फार किंमत आहे, पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवता येतात. लगेच १९३० या नंबरवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्याच वेळी बँकेला कळवा आणि व्यवहाराचा नंबर, चॅट, फोन नंबर जपून ठेवा, काहीही डिलीट करू नका. गुन्हा कुठं घडला याचा विचार न करता जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. खासगी माणसाकडून घेतलेल्या जुन्या वस्तूसाठी ग्राहक आयोगाचा सहसा उपयोग होत नाही, म्हणून ही वाट आधी धरा.

मी स्वतः १९३० ला फोन केला तो दुसऱ्या दिवशी, 'लोक काय म्हणतील' या विचारात रात्र घालवून. तोवर पैसे पुढं गेले होते. माझे गेले ते गेले. तुमच्यावर अशी वेळ आली तर रात्र जाऊ देऊ नका.