अनुरणन : एका बेटाचे, एका भाषेचे

मूळ ध्वनी थांबल्यावर मागे रेंगाळणारा नाद, असा 'एफ्टरक्लांग' या डॅनिश शब्दाचा अर्थ. आपल्या साहित्यशास्त्राला हा नाद अपरिचित नाही. घंटेच्या टोलानंतर उरणाऱ्या अनुरणनाची उपमा ध्वनिसिद्धान्ताने व्यंग्यार्थासाठी योजली. २००० साली कोपनहेगनमध्ये स्थापन झालेल्या एका वाद्यवृंदाने हेच नाव धारण केले. नाव डॅनिश, गीते मात्र इंग्रजी! या विसंगतीचा विचार इतिहासाला सोबत घेऊनच करावा लागतो.

कास्पर क्लाउसेन, रास्मुस स्टोलबर्ग आणि मॅस ब्रावर हे तिघे आल्स बेटावर वाढले. १८६४ च्या युद्धात हे बेट डेन्मार्कच्या हातून गेले आणि प्रशियाकडे आले. १८८८ पासून त्या प्रदेशातील शाळांत धर्मशिक्षणाचे काही तास वगळता अध्यापनाची भाषा जर्मनच राहिली. डॅनिश टिकली ती घरात, सभागृहात आणि गाण्यात. तेथे गीतसंग्रह हे भाषारक्षणाचे साधन ठरले. १९२० च्या सार्वमतानंतर आल्स पुन्हा डेन्मार्कमध्ये सामील झाले. अशा भूमीतील मुलांनी परभाषेत गावे, हे कुणाला कृतघ्नपणाचे वाटेल. परंतु तसा निष्कर्ष घाईचा होईल.

या मंडळींनी 'रुमराकेट' हे स्वतःचे ध्वनिमुद्रण-प्रकाशन सुरू केले. 'ट्रिपर' (२००४) आणि 'पॅरेड्स' (२००७) या संग्रहांत तंतुवाद्ये, पितळी वाद्ये आणि वृंदगान यांची अशी वीण आहे की गायकाचा आवाज अनेकांतील एक होऊन राहतो. २००८ मध्ये 'पॅरेड्स' डॅनिश राष्ट्रीय चेंबर ऑर्केस्ट्रासह सादर झाले. २०१० साली व्हिन्सेंट मून या फ्रेंच दिग्दर्शकाने आल्सवरच त्यांचा चित्रपट चित्रित केला. त्यात बेटावरची मुले आणि वादकांचे आईवडीलही गायनात सहभागी झाले. म्हणजे शब्द परके असले तरी गाण्याची सामूहिकता घरचीच होती.

पुढे बर्लिनमध्ये वास्तव्य करीत असताना, २०११ साली, हे तिघे स्वालबार्ड द्वीपसमूहातील पिरामिडेन या निर्जन वसाहतीत गेले. सोव्हिएत काळापासूनची तेथील कोळसाखाण १९९८ मध्ये बंद पडली होती. रिकाम्या इंधनटाक्या, धातूचे पत्रे, मोडकळलेला पियानो यांतून त्यांनी नऊ दिवसांत एक हजाराहून अधिक ध्वनी टिपले. त्यांतून 'पिरामिडा' (२०१२) हा संग्रह सिद्ध झाला. माणसे निघून गेल्यावर वस्तूंत जे उरते, त्याचेच हे संगीत. वाद्यवृंदाच्या नावाचा अर्थ येथे प्रत्यक्षात उतरला.

२०१४ मध्ये आल्सवरील सॉन्डरबोर्ग येथे 'अखेरची मैफल' झाली आणि वृंद काही काळ विसावला. क्लाउसेन पुढे लिस्बनला गेला. नंतर बेल्जियममधील बी. ओ. एक्स. या बरोक वाद्ये वाजवणाऱ्या समूहाबरोबरच्या सहकार्यातून नवी रचना आकारास आली आणि २०१९ मध्ये 'आल्टिड सामेन' ('सदैव एकत्र') हा संग्रह निघाला. त्यातील गीते डॅनिश होती.

डॅनिशकडे येण्याची ही वाट परदेशी वादकांच्या सोबतीने, सतराव्या शतकातील वाद्यांच्या साथीने निघाली, हे लक्षणीय आहे. आल्सच्या पूर्वजांसाठी डॅनिश गाणे हा प्रतिकार होता, कारण ती भाषा नाकारली गेली होती. या पिढीवर तसा धाक नव्हता. म्हणून ती दूर जाऊ शकली आणि परतही येऊ शकली. भाषा सुरक्षित असण्याची हीच खूण मानावी काय? लेखकाच्या भाषानिवडीवरून त्याची निष्ठा मोजण्याची सवय आपल्या समीक्षेलाही आहे. त्याने कोणत्या भाषेत लिहिले, या प्रश्नापाशी आपण थांबतो. ती निवड करताना त्याला किती मोकळीक होती, हे विचारायचे बहुधा राहून जाते.