गोव्याहून वडिलांस पत्र : फादर थॉमस स्टीफन्स आणि दूर राहिलेले त्यांचे घर

१/ १० नोव्हेंबर १५७९. गोव्यात उतरून अवघे सतरा दिवस झालेल्या एका इंग्रज जेझुइटाने इंग्लंडमधील आपल्या वडिलांना दीर्घ पत्र लिहिले. याच मुलाने पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. धर्मप्रसारासाठी परमुलखात गेलेल्या मुलाचे आयुष्य त्याच्या घरच्यांना कितपत कळत असे? हा थ्रेड त्याविषयी.

२/ थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशर परगण्यात झाला. वडील लंडनचे व्यापारी. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक असणे धोक्याचे होते. स्टीफन्स यांचे मित्र थॉमस पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स निसटले आणि १५७५ मध्ये रोम येथे जेझुइट संघात दाखल झाले.

३/ परतीची वाटही पुढे बंद झाली. १५८५ च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये सापडलेला जेझुइट राजद्रोही ठरे आणि त्यास देहान्ताची शिक्षा होई. घर आणि मुलगा यांच्यात उरला तो केवळ पत्रांचा दुवा. लिस्बनचा आरमारी ताफा वर्षातून एकदाच गोव्याकडे निघे. एका पत्राचे उत्तर हाती पडायला दीड-दोन वर्षे सहज लागत.

४/ वडिलांना लिहिलेले पत्र मुख्यतः प्रवासाचे आहे. ४ एप्रिल रोजी लिस्बनहून तुताऱ्या आणि तोफांच्या गजरात पाच जहाजे निघाली. जुलैच्या अखेरीस आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडले. २४ ऑक्टोबरला गोवा आले. वारे, प्रवाह, पक्षी, मासे, जमीन जवळ आल्याच्या खुणा अशा सर्व गोष्टी त्यात नोंदल्या आहेत.

५/ मृत्यूची नोंदही आहे. दीर्घ प्रवास आणि अन्नपाण्याची टंचाई यांमुळे लोकांच्या हिरड्या सुजत, पाय सुजत. आज आपण या रोगाला स्कर्व्ही म्हणतो. जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, सत्तावीसहून अधिक दगावली. इतर खेपांच्या मानाने ही हानी फार समजली गेली नाही, असेही मुलगा कळवतो. वाचणाऱ्या बापाला त्यातून धीर आला असेल की धास्ती वाटली असेल, याची कल्पनाच करावी.

६/ हे घरगुती पत्र घरात राहिले नाही. रिचर्ड हॅकलूट याने १५८९ मध्ये आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात ते छापले. केपमार्गे भारतात पोहोचलेल्या इंग्रजाची ही हकीकत ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळण्यापूर्वी अकरा वर्षे लंडनच्या वाचकांसमोर आली.

७/ दुसरे महत्त्वाचे पत्र भाऊ रिचर्ड यास, २४ ऑक्टोबर १५८३ चे. भाऊ विद्वान, म्हणून मजकूरही वेगळा. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यात आहे. विल्यम जोन्स यांचे याच विषयावरील प्रसिद्ध व्याख्यान १७८६ चे, म्हणजे २०३ वर्षांनंतरचे.

८/ याच पत्रात कुंकळ्ळीची घटनाही येते. जुलै १५८३ मध्ये साष्टीतील या गावी पाच जेझुइट मारले गेले. अकबराच्या दरबारी राहून आलेले रुडॉल्फ अक्वाविवा त्यांपैकी एक. स्टीफन्स यांच्या दृष्टीने ते हुतात्मे होते.

९/ गावाची बाजू या पत्रातून कळत नाही. पोर्तुगीज सत्तेने १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली होती. गावकऱ्यांचा रोष त्यातून आलेला होता. पुढे कुंकळ्ळीच्या गावकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. घरी लिहिलेले पत्र मनापासूनचे असले, तरी इतिहासाच्या अभ्यासात ती एकाच बाजूची साक्ष ठरते.

१०/ मुलाची खबर इतरांकडूनही पोहोचे. १५८३ च्या अखेरीस जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आदी इंग्रज व्यापारी गोव्यात कैद झाले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्यास स्टीफन्स यांनी मदत केली. हॅकलूटच्या संग्रहामुळे हीही हकीकत इंग्लंडमध्ये वाचली गेली.

११/ मात्र त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम घरच्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. १६१६ मध्ये राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. लिपी रोमन, भाषा मराठी. जुनी पुराणे हातची गेलेल्या नवख्रिस्ती समाजासाठी ख्रिस्तकथा पुराणाच्या घाटात सांगितलेली.

१२/ महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर ज्ञानेश्वरीच्या पारायणात आजही ऐकू येते, तोच हा ओवी छंद. मराठीचे थोर गुणगान करणारा हा कवी लंडनच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता. त्याच्या घरी मात्र त्याची एक ओवीही कोणाला समजली नसती.

१३/ स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यातच निवर्तले. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. वडिलांना त्यांनी समुद्र सांगितला, भावाला भाषा सांगितली. त्या भाषेत त्यांनी जे रचले, ते वाचण्याचा वारसा मराठी वाचकांकडे आला. देवळे पाडणाऱ्या सत्तेच्या छायेत तो ग्रंथ घडला, ही गोष्टही त्या वारशाचाच भाग आहे.

(समाप्त)