मावशीकडे न उतरता

"मावशी, आम्ही शनिवार-रविवार पुण्यात आहोत. पण तुझ्याकडे उतरणार नाही हं. दोघंच येतोय. राग मानू नकोस."

दादरच्या भाचीचा हा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. राग आला, खोटं कशाला बोलू? माझी एक खोली रिकामी, गादीवर धुतलेली चादर घातलेली, आणि ही पोरं डेक्कनवर हॉटेलात पैसे भरणार. पण भाजी निवडून होईपर्यंत राग ओसरला आणि एक वेगळीच गोष्ट सुचली. हे वाक्य माझ्या आईला तिच्या मावशीपाशी उच्चारताच आलं नसतं. धीटपणा तिच्यात कमी नव्हता. वाक्यातला एकेक शब्द तोवर घडायचाच होता. 'दोघंच' हा शब्द, 'शनिवार-रविवार' हा शब्द, आणि सगळ्यात शेवटी आलेला 'तुझ्याकडे उतरणार नाही'.

सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे जोडीने जाणं. ती मधुचंद्राच्या फार आधीची. लग्न झालं की नवराबायकोने कुलदैवताला जायचं, हा आपल्याकडचा जोडीचा पहिला प्रवास. अनेक घरांत तो जेजुरीच्या खंडोबाचा. तिथे नवऱ्याने बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या तरी चढायच्या. आमच्या ह्यांनी मला उचललं तेव्हा मागे चौदा माणसं होती, त्यांतली निम्मी हसत होती आणि दीर मोठ्याने पायऱ्या मोजत होता. तळी भरली, भंडारा उधळला, सगळे पिवळे झालो. देवापुढे आम्ही जोडीने उभे राहिलो, पण 'दोघंच' असे एक क्षणही नव्हतो. जुन्या काळातल्या जोडीचा अर्थच तो होता. जोडी लोकांना दाखवायची असे. (ज्या देवाला हा जोडीचा मान, त्याच्या स्वतःच्या संसारात मात्र म्हाळसा आणि बाणाई अशा दोघी. पण ते असो.)

शिकलेल्या घरांतही फार वेगळं नव्हतं. न्यायमूर्ती रानडे जिल्ह्याजिल्ह्यांतून दौरे करत, तेव्हा रमाबाई बरोबर असत. १९१० साली निघालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी'मध्ये त्यांनी ते सगळं लिहून ठेवलं आहे. नवराबायकोने मिळून मुलूख पाहण्याचं मराठीतलं हे एक फार चांगलं चित्र. तरी तो दौरा सरकारी. कामाला जोडून सहवास मिळे. नुसतं फिरायला म्हणून निघायचं, तर आधी सुट्टी हवी.

आणि ती सुट्टी गिरणीतून आली. सरकारी कचेऱ्यांना रविवार होता, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. यंत्र पुसण्यासाठी गिरणी थांबे, आणि ते पुसायलाही हीच माणसं लागत. फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवल्या. त्यांतून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज निघाला; त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. दुपारी अर्धा तास विश्रांती आणि महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार या मागण्या तिच्यामागून. सहा वर्षं गेली. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार बायकाही बोलल्या, आणि १० जून १८९० पासून गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पुढच्या वर्षी कारखाना कायद्यातही आठवड्याची सुट्टी आली.

रविवारच का, याचं एक उत्तर असं सांगतात की तो खंडोबाचा वार. साहेबाचा चर्चचा दिवसही तोच, म्हणून मालकांनाही सोयीचा. मला पहिलं उत्तर आवडतं. जेजुरीच्या पायऱ्या आणि गिरणीचा भोंगा एकाच देवाच्या नावावर भेटतात. आज रविवारी सकाळी मिसळीच्या रांगेत उभी असलेली जोडपी लोखंड्यांचं नाव घेत नाहीत. घ्यायला हरकत नाही. १८९७ साली मुंबईत प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना तो माणूस प्लेगनेच गेला.

शनिवार मात्र फार सावकाश आला. आधी अर्धा, मग दुसरा आणि चौथा. केंद्र सरकारची कार्यालयं १९८५ पासून पाच दिवसांची झाली, बँकांना दुसरा-चौथा शनिवार २०१५ च्या सप्टेंबरात मिळाला आणि महाराष्ट्र सरकारने पाच दिवसांचा आठवडा लागू केला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. पुढे महिनाही भरला नाही तोच टाळेबंदी लागली आणि नव्याकोऱ्या शनिवारासकट सगळे घरात बसले.

आता गाडीकडे येते, कारण आमच्या घरची खरी गोष्ट गाडीत घडली.

मुंबईहून पुण्याला मौजेसाठी येण्याची रीत साहेबाची. मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवत असे. गणेशखिंडीतलं त्याचं घर म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. गव्हर्नर आला की मागून पलटणीचे अधिकारी, मडमा, नाच आणि घोड्यांच्या शर्यती आल्याच. वाटेत बोरघाट आडवा होता. खंडाळा ते पुणे रुळ १८५८ साली पडले, पण घाटातले १८६३ साली. मधली पाच वर्षं मुंबईचा उतारू घाटाच्या पायथ्याशी गाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर नाहीतर पायी घाट चढे आणि वर पुन्हा गाडीत बसे.

पुढे घाटात वीज आली आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी निघाली. एक रेक रुपेरी, त्यावर लाल पट्टे. दुसरा निळा, त्यावर सोनेरी रेघा. प्रत्येकी सात डबे, वर्ग दोनच, पहिला आणि दुसरा. सुरुवातीला ती आठवड्याच्या शेवटी धावणारी गाडी होती. मुंबईच्या श्रीमंतांना पुण्याच्या शर्यतींना नेऊन परत आणणं, हेच तिचं काम. 'वीकेंड' हा शब्द आपल्या तोंडी बसायच्या कितीतरी आधी रुळांवर धावत होता, पण त्यात आपण नव्हतो. १९५५ च्या जूनमध्ये राणीला तिसऱ्या वर्गाचे डबे लागले, तेव्हा गिरगावातला कारकून तिच्यात चढला.

माझे वडील असेच एक. १९६२ साली, लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा, त्यांनी आईला पुण्याला आणलं. निमित्त शनिवार पेठेतल्या आतेसासूबाईंच्या भेटीचं. आठ दिवस आधी पोस्टकार्ड गेलं होतं: 'शनिवारी रात्री येत आहोत, जेवायला थांबू नये.' अर्थात सगळे थांबले होते. दोन खोल्यांत नऊ माणसं. रात्री पुरुषांची अंथरुणं बाहेरच्या खोलीत, बायकांची स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी पर्वतीला गेले ते अकराजण, सारसबागेजवळ भेळ खाल्ली तीही अकराजणांनी. आई म्हणायची, "दोन दिवसांत हे माझ्याशी एकदाच बोलले. 'पंचा कुठे ठेवलास?'"

पण जाताना गाडीत तीन तास मिळाले होते. कर्जत मागे पडल्यावर वडील उठले आणि आईला डायनिंग कारमध्ये घेऊन गेले. टेबलावर पांढरं कापड, खिडकीबाहेर घाट, पावसाने भरलेला. चीज टोस्ट आणि एक आम्लेट मागवलं. आईच्या माहेरी अंडं वर्ज्य. तिने टोस्ट खाल्ला, काटा कुठल्या हातात धरायचा ते शेजारच्या टेबलावरच्या पारशी बाईकडे चोरून पाहिलं, आणि बोगदा आला तेव्हा वडिलांच्या ताटलीतला आम्लेटचा एक तुकडा उचलला. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती सत्तर वर्षांची होती, आणि सांगतानाही लाजली. दोघांची म्हणून जी सहल झाली ती एवढीच, कर्जत ते लोणावळा.

नाटकघरं होती, बागा होत्या, गाड्या होत्या. अडलं होतं ते खोलीवर. मराठी माणसाच्या नकाशात परगाव म्हणजे नातेवाइकांची घरं. सोलापूर म्हणजे काका, नाशिक म्हणजे आत्या, पुणं म्हणजे मावशी. "गावात येऊन घरी आला नाहीत?" या प्रश्नाला उत्तर नसे. हॉटेलात उतरणं म्हणजे एकतर भांडण झालंय, नाहीतर काहीतरी लपवायचंय.

लपवायचं नसलं तरी लॉजवाल्याला तसंच वाटे. आम्ही दोघं लग्नानंतर आठवड्याने अंबाबाईला निघालो. एशियाड वाटेत बंद पडली, कोल्हापुरात पोचायला रात्रीचे अकरा वाजले. स्टँडजवळच्या एका लॉजमध्ये शिरलो. काउंटरवर लाल कापडी बांधणीची लांब वही. रकाने आखलेले: नाव, वय, कोठून आला, कोठे जाणार, येण्याचे कारण, सोबत. ह्यांनी कारणापुढे 'देवदर्शन' लिहिलं आणि सोबतच्या रकान्यात 'कुटुंब १'. माझं त्या वहीतलं हे एवढंच अस्तित्व. मॅनेजरने वही फिरवून घेतली, वाचली, आणि विचारलं, "लग्नपत्रिका आहे का जवळ?" हे तापले. स्वतःची लग्नपत्रिका खिशात घेऊन कोण फिरतं? मी काही न बोलता दोन्ही हात काउंटरवर ठेवले. कोपराखाली हिरवा चुडा, हाताची मेंदी अजून गेली नव्हती. त्याने एकदा पाहिलं आणि किल्ली सरकवली. त्या रात्री हसू आलं. नंतर कधीतरी कळलं, की चुडा नसता तर आम्ही स्टँडच्या बाकावर झोपलो असतो.

ती वही साहेबाच्या काळापासूनची. १८६७ च्या सराई कायद्याने सराईत कोण उतरलं याचा लेखी अहवाल मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला. त्याला हवे होते चोर आणि दरोडेखोर. नवराबायको खरे की खोटे, ही पुढची चौकशी आपल्या लोकांनी आपल्या हौसेने जोडली. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहू नये असं सांगणारा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली कोइमतूरच्या एका प्रकरणात तसं स्पष्ट म्हटलं आहे. कायदा नसतानाही त्याआधी, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, मुंबईत मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि चाळीसच्या आसपास जोडपी खोल्यांतून काढून चौकीवर नेली. पुढे बरीच टीका झाली. आता मोबाइलवर हॉटेल शोधताना 'जोडप्यांचे स्वागत' अशी वेगळी खूण दिसते. स्वागत आहे हे वेगळं सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला तेव्हा पुणं मुंबईपासून अडीच-तीन तासांवर आलं. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात अडकलात तर किती, ते विचारू नका. २०१० साली 'मुंबई-पुणे-मुंबई' आला. मुंबईची मुलगी आणि पुण्याचा मुलगा, दोघं दिवसभर पुण्यात फिरतात आणि सगळ्या चित्रपटात एकही मावशी आडवी येत नाही. थिएटरातल्या माझ्या वयाच्या बायकांना कथेपेक्षा हेच नवल वाटलं असावं.

भाचीने तिचा बेत मला वाचून दाखवला होता. शनिवारी दुपारी केळकर म्युझियम, कारण कोथरूडहून उचलून तिथे मांडलेला मस्तानी महाल तिला बघायचा होता. संध्याकाळी नाटक. रविवारी सकाळी मिसळ, मग कॅम्पात भटकणं. कुठल्या वेळी कुठे गर्दी असते हेही तिने शोधून ठेवलं होतं. मी फक्त एवढंच सुचवलं, की शुक्रवारीच संध्याकाळी राणीने या, एक रात्र जास्त मिळेल, आणि डायनिंग कारमध्ये बसा. आजीची गोष्ट तिला सांगितली नाही, तिथे बसल्यावर सांगणार होते.

"अगं मावशी, कसं जमणार?" ती म्हणाली. जावई मंत्रालयात आहे. पाच दिवसांचा आठवडा देताना सरकारने रोजचं काम पाऊण तासाने वाढवलं. त्याचं कार्यालय सुटतं सव्वासहाला, आणि दख्खनची राणी मुंबईहून पाच दहाला निघते.