अंगणवाडीचे माप

लातूरचे नाव महाराष्ट्रात शिक्षणासाठी घेतले जाते ते दहावी-बारावीच्या निकालांमुळे. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द गेली तीसेक वर्षे राज्यभरातल्या पालकांच्या तोंडी आहे. त्याच जिल्ह्यात रेणा नदीच्या काठी रेणुकामातेचे रेणापूर आहे, आणि त्या तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर रोज सकाळी तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येऊन बसतात. त्यांच्या शिक्षणाचा कुठला पॅटर्न कोणी सांगत नाही. वास्तविक महाराष्ट्रात या वयाच्या मुलाइतके मोजमाप दुसऱ्या कोणत्याच विद्यार्थ्याचे होत नसेल. वजनकाटा आहे, उंचीची पट्टी आहे, आहाराचे उष्मांक ठरलेले आहेत, वह्या आहेत आणि आता मोबाइलवर भरायची माहिती आहे. एवढे सगळे असूनही ही अंगणवाडी चांगली आहे की नाही, याचे उत्तर त्या गावाला देता येत नाही. माझ्या मते याचे कारण इतिहासात आहे. अंगणवाडीची कल्पना जन्मली तेव्हा तिचा दर्जा ज्यांच्या अंगणात ती भरे त्यांच्या नजरेसमोर तपासला जात होता. पुढे माप वर गेले आणि गावाकडे फक्त जागा देण्याचे काम उरले.

ती कल्पना या महाराष्ट्राच्याच मातीतली आहे. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1926 साली स्थापन झालेला नूतन बाल शिक्षण संघ वाढवला, आणि 1945 मध्ये मुंबईचे शहरी बालशिक्षण मागे ठेवून त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीतला पहिला धडा त्यांना हा मिळाला की बालवाडी कितीही चांगली असली तरी दलित वस्तीतली मुले तिच्यापर्यंत येत नाहीत. तेव्हा मुलांना बोलावत बसण्याऐवजी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि त्यातून अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. 1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तिथे कुरणशाळाही निघाली.

या प्रयोगांचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेतून सुटते, ती म्हणजे तिथल्या दर्जाचे स्वरूप. मूल स्वच्छ आहे का, गाणे म्हणते का, चार मुलांत मिसळते का, उद्या पुन्हा यायला तयार आहे का, ही मापे अंगणात उभ्या असलेल्या आजीलाही वाचता येत होती. त्यासाठी साक्षर असण्याची गरज नव्हती. ताराबाई आणि अनुताई या काही गावाच्या मर्जीवर चालणाऱ्या बाया नव्हत्या. शास्त्र त्यांचे होते, आग्रह त्यांचा होता, शिस्तही त्यांचीच होती. पण त्यांच्या शास्त्राची परीक्षा चारचौघांत होत होती. तज्ज्ञाचे ज्ञान आणि वस्तीची नजर एका जागी आल्याने ते काम टिकले, असे मला वाटते.

बोर्डीत हे सुरू होते तेव्हा रेणापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. 1948च्या 17 सप्टेंबरपर्यंत मराठवाड्याला ते वारे लागणे कठीणच होते. म्हणून इथे लोकांनी शाळा काढल्याच नाहीत असे मात्र नाही. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परगा येथे 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले. परक्या वाटणाऱ्या राजवटीत आपल्या भाषेची, आपल्या लोकांची शाळा चालवणे हे मराठवाड्याला ठाऊक होते. पण ती परंपरा मोठ्या मुलांच्या शाळांची. लहान मुलांची शाळा इथल्या बहुतेक गावांत चळवळ होऊन आलीच नाही. ती योजना होऊन आली.

त्या योजनेच्या थोडे आधी 1972चा दुष्काळ आला. रस्त्याच्या कामावर आई खडी फोडते आहे आणि पोर बाजूला बसले आहे, हे चित्र मराठवाड्यातल्या त्या पिढीला विसरता येणार नाही. सरकारने लहान मुलाच्या हातात प्रत्यक्ष काही ठेवले ते अनेक गावांत तेव्हाच, सुकडीच्या रूपाने. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशभरातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात तिची सुरुवात मेळघाटातल्या धारणीत आणि मुंबईतल्या धारावीत झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा तिने एका छताखाली आणल्या, आणि त्या केंद्राला अंगणवाडी हे ताराबाईंच्या प्रयोगातले नाव दिले. मराठवाड्यात मात्र भुकेची आठवण ताजी होती. त्यामुळे लोकांच्या मनात अंगणवाडी म्हणजे आधी खाऊची जागा, मग लस टोचण्याची, आणि राहिल्या वेळात गाण्यांची. सरकारी कागदानेही हाच क्रम धरला. उष्मांक मोजता येतात, टोचलेल्या सुया मोजता येतात. गोष्ट ऐकताना मुलाने विचारलेला प्रश्न कोणत्या रकान्यात लिहायचा? बोर्डीत जो दर्जाचा गाभा होता तो इथे सहाव्या क्रमांकावर गेला. मूल लाभार्थी झाले. हा शब्द मला खटकतो, कारण लाभार्थ्याला हिशेब मागण्याचा हक्क असतो असे आपल्याकडे कोणी समजत नाही.

गावाला दर्जा कळत नाही, म्हणून माप वरूनच यायला हवे, असे यावर सांगितले जाते. या युक्तिवादाला सर्वांत चांगले उत्तर लातूर जिल्ह्यानेच दिले आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. ती बहुतांशी वरून आराखडा आणून, कंत्राटदारांकडून बांधली गेली. हजाराहून अधिक गावांत मात्र पडझड झालेली घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती, आणि तिथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. शेतात राबणाऱ्या, अनेकींनी शाळेची पायरी न चढलेल्या या बायका भूकंपरोधक बांधकाम शिकल्या. अनुदानाचे पैसे कसे खर्चायचे ते त्यांनी घरोघर समजावले आणि गवंडी कामात कसर करतो का यावर लक्ष ठेवले. ज्या बाईला सिमेंटच्या कामातले खरे-खोटे तपासता येते, तिला आपल्या नातवाच्या अंगणवाडीतले येणार नाही असे कसे म्हणावे? तिला अधिकार दिला गेला, माहिती दिली गेली, आणि तिच्या तपासण्याला वजन होते. अंगणवाडीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी तिला मिळाल्या नाहीत.

दुसरा पुरावाही मराठवाड्यातलाच आहे. 2002च्या सुमारास औरंगाबाद विभागात बालमृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हा विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी कुपोषणाविरुद्ध मोहीम हाती घेतली. तोवरची अडचण अशी होती की कुपोषित मुलाची नोंद केली की सेविकेवर आणि पर्यवेक्षिकेवरच ठपका येई. मग वही सुरक्षित ठेवण्यासाठी मूल सुदृढ दाखवले जाई. रमणींनी भर दिला तो खरे वजन लिहिण्यावर. आकडा वाढला तर वाढू दे, तो लपवू नका. या मोहिमेतून 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन औरंगाबादला उभे राहिले. तीव्र कुपोषित मुलांना अंगणवाडीतच, आईच्या आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दिवसातून अनेकदा खाऊ घालणारी ग्राम बाल विकास केंद्रे हे त्याच विचाराचे फळ. महाराष्ट्रात दोन वर्षांखालील मुलांमधले खुजेपणाचे प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होते, ते 2012च्या पाहणीत 23 टक्क्यांच्या आसपास आले. या घसरणीचे सगळे श्रेय एका मिशनला देता येत नाही. उत्पन्न, मातांचे शिक्षण, आरोग्यसेवा यांचाही त्यात वाटा आहे. पण वजनाची खरी नोंद उघडपणे होऊ लागली तो काळ आणि ही घसरण एकत्र चालली, एवढे नोंदवायला हरकत नाही. पुढे ही गती राहिली नाही. पाच वर्षांखालील मुलांचे खुजेपण 2015-16च्या राष्ट्रीय पाहणीत 34.4 टक्के होते, 2019-21च्या पाहणीत 35.2.

दरम्यान न्यायालयानेही गावाच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावातले गट आणि महिला मंडळे यांना काम द्या, असे सांगितले. 2006 मध्ये सहा वर्षांखालील 40 मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा आदेश दिला. तरीही महाराष्ट्रात बंद पाकिटातला घरपोच आहार मोठ्या पुरवठादारांकडून येत राहिला, आणि लहान बचत गटांना दूर ठेवणाऱ्या अटींमुळे 2016ची निविदा अखेर 2019 मध्ये त्याच न्यायालयाला रद्द करावी लागली. पाकिटावर उष्मांक बरोबर छापलेले असतात. पण मूल ते खाते का, हे फक्त घरच्यांना ठाऊक असते, आणि त्यांना कोणी विचारत नाही.

कागदी माप कुठे फसते हे पाहायचे तर रेणापूर तालुक्यात निवाड्याला यावे. तिथे रेणा सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळीनंतर मराठवाड्यातल्या अनेक गावांतून ऊसतोडीसाठी कोयता निघतो. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी तान्ह्या मुलांसह फडावर आणि कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. मूळ गावच्या अंगणवाडीत नाव तसेच राहते, मूल नसते. कारखान्याच्या आवारात मूल असते, पण नाव नसते. ‘जनार्थ’ या संस्थेने मोठ्या मुलांसाठी साखरशाळा चालवून दाखवल्या, पण तीन वर्षांच्या पोरासाठी दोन्ही ठिकाणी कोणीच जबाबदार नाही. पाणीही असेच. अनुताईंच्या बालवाडीचे पहिले माप आंघोळीचे होते, आणि 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. हात धुण्याचा नियम भिंतीवर लावून दर्जा येत नाही. तिथे गावाचा हंडा आणि सरकारचा नळ दोन्ही लागतात.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो. गाव म्हणजे कोण? गावच्या नजरेत जात असते, भावकी असते, सरपंचाचा गट असतो. तपासणी गावाच्या हाती दिली तर अंगणवाडी गावठाणात राहील आणि वस्ती-तांड्यावरचे मूल बाहेर राहील. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणूनच अंगणवाडी कुठे हवी, किती मुलांमागे हवी, ताटात काय हवे, हे हक्क कायद्याने वरूनच ठरले पाहिजेत. 2006चा आदेश त्यासाठीच मोलाचा. पण वस्तीवर दिलेली अंगणवाडी खरोखर भरते का, हे पाहायला जिल्ह्याचा अधिकारी महिन्यातून एकदा आला तरी पुरणार नाही. ते वस्तीवरच्या आईलाच पाहता येते. अंगणवाडी दलित वस्तीच्या अंगणात जन्मली, हे विसरून तिला गावठाणाची मालमत्ता मानण्याचे कारण नाही.

लोकसहभाग म्हणजे सरकारने हात झटकायची सोय, ही शंकाही अनुभवातूनच आली आहे. 1975 मध्ये सेविकेला दरमहा 100 ते 150 रुपये मानधन ठरले. वेतन हा शब्द टाळून सेवेचा शब्द वापरला आणि अर्धे शतक बायकांच्या भलेपणावर ही योजना चालवली. अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क आहे, हे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. 4 डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. 2021 मध्ये त्यांनी सरकारी मोबाइल परत केले, त्यामागे मराठीत नीट न चालणारे ॲप हेही एक कारण होते. जी बाई स्वतः मजुरीपेक्षा कमी पैशांत, परक्या भाषेत माहिती भरते आहे, तिच्याकडून दर्जा मागणे आणि तिच्या शेजारणीकडून फुकट देखरेख मागणे, दोन्ही अन्यायाचे. तपासण्याचा अधिकार गावाचा आणि पगाराची जबाबदारी सरकारची, यात मला काही विसंगती दिसत नाही.

आणि पालकांना तर इंग्रजी अक्षरेच हवी असतात, असे म्हणतात. हवी असतातच, कारण पाटीवरचे अक्षर डोळ्यांना दिसते. भाषा वाढते आहे, हात स्थिर होतो आहे, मूल नियम पाळून खेळते आहे, हे दाखवले तरच दिसते. राज्याचा ‘आकार’ अभ्यासक्रम आणि ‘आरंभ’ उपक्रमाचे पालक मेळावे या दिशेचे आहेत, ते तासाभराच्या फोटोंपुरते न राहिले तर पालक अक्षरांपलीकडचेही मागू लागतील. मागणी बदलण्यासाठी आधी मागणाऱ्याला आत बसवावे लागते.

महाराष्ट्रात 2 ऑक्टोबर हा ग्रामसभेचाही दिवस आहे आणि अंगणवाडी योजनेचाही. रेणापूर तालुक्यातल्या माझ्या वाचकांना एवढीच विनंती आहे: येत्या 2 ऑक्टोबरला सभेत अंगणवाडीची वजनाची वही मागवा, ती सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावा, ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची नावे वेगळी काढा, आणि सेविकेला आधी बसायला खुर्ची द्या.