यमूच्या आधी आणि यमू

मालिकांचे संवाद लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला हरिभाऊ आपट्यांचं कौतुक जरा वेगळ्या कारणाने वाटतं. १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढून त्यांनी त्यातच ‘पण लक्षात कोण घेतो!’ हप्त्याहप्त्याने लिहायला घेतली. दर आठवड्याला मजकूर द्यायचा, मागे छापखान्याचा तगादा. म्हणजे आमचाच धंदा की!

त्यांच्या आधी मराठी कादंबरीत नायिका नव्हत्या असं नाही. बाबा पदमनजींची यमुना १८५७ सालची. विधवांची दुःखं दाखवायची म्हणून लेखकाने तिला नवऱ्याबरोबर गावोगाव फिरवलं. ती ऐकते, हळहळते, पुढच्या मुक्कामाला निघते. हेतू मोठा, पण यमुनेला राग कशाचा येतो, हे काही शेवटपर्यंत कळत नाही. मग हळब्यांची ‘मुक्तामाला’, रिसबुडांची ‘मंजुघोषा’. रूपवती नायिका, संकटं, अद्भुताची रेलचेल. वाचक रमले, आणि त्यात गैर काहीच नाही.

‘पण लक्षात कोण घेतो!’ सुरू केली तेव्हा हरिभाऊ सव्वीस वर्षांचे. आपल्या नायिकेची, यमूची कथा त्यांनी तिच्याच तोंडून सांगायची ठरवली. लहानपणीच आई गेलेला, मोठ्या कुटुंबात वाढलेला हा माणूस. माजघरातलं बोलणं कानावर पडलेलं असणार. शिवाय काशीबाई कानिटकरांचा स्नेह होता. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकून लेखिका झालेली ही बाई. हरिभाऊंचं चरित्र आणि पत्रव्यवहार पुढे तिनेच पुस्तकरूपाने आणला.

कादंबरी चालू असतानाच संमतिवयाचा वाद पेटला. १८९१च्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलींची वयोमर्यादा दहावरून बारावर नेली आणि पुण्यात रण माजलं. हरिभाऊ सुधारणेच्या बाजूचे. यमूच्या तोंडी फर्डं भाषण घालायचा मोह किती झाला असेल! क्वचित तोल जातोही. पण बहुतेक ठिकाणी ती स्वतः पाहिलेलं, सोसलेलं तेवढंच सांगते.

मला सगळ्यात आवडतो तो मुंबईच्या बिऱ्हाडाचा भाग. सासरी वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी अवाक्षर बोलायची सोय नाही. इथे तिचा नवरा रघुनाथराव आणि ती मोकळेपणी बोलतात, ती वाचते, दोघं फिरायला जातात. आजच्या चॅनेलवाल्यांनी ही पानं पहिल्या बैठकीत उडवली असती, ‘मॅडम, इथे काही घडतच नाहीये’ म्हणून. पण पुढे रघुनाथराव जातात आणि सासरचे शंकरमामंजी यमूचं जबरदस्तीने केशवपन करवतात, तेव्हा काय हिरावलं गेलं ते त्या ‘काही न घडणाऱ्या’ पानांमुळेच कळतं. मामंजीही नुसते मिशा पिळणारे खलनायक नाहीत. बाहेरून कर्मठ, आतून लबाड, आणि धर्माची ढाल कायम हाताशी. अशा माणसाला पुराव्यानिशी पकडता येत नाही, म्हणून त्याची जास्त धास्ती वाटते.

आणि दुर्गी! यमूची मैत्रीण. यमूला समजूतदार नवरा मिळाला, दुर्गीच्या वाट्याला छळणारा आला. माझ्या मते दुर्गी नसती तर यमू नुसतं विधवेच्या दुःखाचं उदाहरण होऊन बसली असती. दोघींची दुःखं एका मापाची नाहीत, म्हणून यमू यमूच राहते. दुर्गीवर एक आख्खी कादंबरी व्हायला हवी होती. हरिभाऊंनी ती लिहिली नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.